राखाडी कोट

कपडा काउंटरवर आला की खिसेबाईंचा हात आधी आतल्या खिशात जायचा. बाहेरचे खिसे गिऱ्हाईक स्वतः चाचपून आणतं, आतला विसरतं, हे बावीस वर्षांचं ज्ञान. त्या आतल्या खिशांतून त्यांनी दातांची कवळी काढली होती, लिहून ठेवलेला पण न दिलेला राजीनामा काढला होता, एका सिनेमाची दोन तिकिटं काढली होती (कोट नवऱ्याचा, आणि 'आम्हाला कुठलं सिनेमाला जायला मिळतंय' म्हणणारी बायको समोर उभी), आणि एकदा चक्क जिवंत गोगलगाय. जे सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर पावतीचा नंबर टाकायचा, तोंड चिकटवायचं. मग पावती. तिच्यावर रंग, कापड, डाग, तुटलेली बटणं, सगळं लिहून गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. कारण कपडा परत नेताना माणसं बदलतात. पिवळट दिलेला शर्ट नेताना 'दुधासारखा होता हो' म्हणून गळा काढतात. अशा वेळी खिसेबाई एक शब्द न बोलता पावतीपुस्तकातली स्थळप्रत पुढे सरकवायच्या. तिथं त्यांच्याच अक्षरात 'पिवळट' लिहिलेलं असायचं. ह्या कामावरूनच त्यांना खिसेबाई म्हणायला लागले होते. खरं नाव मालकीणबाईंनासुद्धा आठवावं लागायचं.

इतकी वर्षं दुसऱ्यांचे खिसे उपसल्यावर माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसा झाला होता. भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास नाही, ते हातातल्याशी ताडून बघायचं. 'सहज आले होते' म्हणणाऱ्या पाहुणीचं काम काय असेल ते ती चपला काढेपर्यंत ओळखायचं. मुलगी कॉलेजात शिकत होती आणि बोलायला कोणाच्या बापाला भीत नव्हती. ती म्हणायची, "आई, तू आरशात बघतानासुद्धा स्वतःकडे ओळखपत्र मागशील."

नवऱ्याचं मात्र काही तपासण्यासारखं उरलं नव्हतं. ते पाणीखात्यात मीटर वाचायचे. सकाळी सातला निघायचे, दुपारी तीनला घरी, मग गॅलरीतली खुर्ची, चहाचा कप आणि फोन. खिसेबाई सहाला यायच्या आणि कपडे बदलता बदलता दिवसभराचं सांगायला लागायच्या. तिकडून 'हं' यायचं. ह्या 'हं'चे त्यांनी तीन प्रकार पाडले होते: 'ऐकतोय', 'ऐकत नाही' आणि 'जेवायला कधी'. पहिला प्रकार फार दिवसांत कानावर आला नव्हता.

फोनवर खिसेबाईंचाही एक कोपरा होता. त्यांच्या भागातल्या एका निवृत्त मास्तरांनी 'खुली चर्चा' नावाचा गट काढला होता. तिथं तीनेकशे माणसं राजकारणावर भांडायची. मास्तरांचे नियम दोनच: कोणीही कोणत्याही नावानं लिहावं, आणि मतासाठी कोणाला हाकलायचं नाही. खिसेबाई लिहीत नसत, पण दुपारच्या सुट्टीत वाचत. वाचायच्या त्या दोघांसाठी.

एकाचं नावच होतं 'नुसतं विचारतोय'. बायकांच्या पगारावर बोलणं चालू असलं की हा विचारायचा, "पण मग खाणीत उतरायला बायका का भांडत नाहीत? नुसतं विचारतोय." बाहेरून कामाला आलेल्या काळ्या माणसांना घर भाड्यानं मिळत नाही, असं कोणी लिहिलं की हा विचारायचा, "घर कोणाला द्यावं हे मालकानं ठरवायचं की तुम्ही? नुसतं विचारतोय." शिवी एक नाही, आवाज चढलेला नाही, पण वाचल्यावर अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. त्याला हाकला म्हणून गटात दोनदा मतदान झालं. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, प्रश्नाला उत्तर द्या, दार दाखवू नका.

आणि त्याला उत्तर द्यायची ती 'कामकरी'. ती कोण होती कोणालाच ठाऊक नव्हतं, पण काय लिहायची! "दमून घरी आल्यावर मी बोलते आणि समोरच्या खुर्चीतून हुंकार येतो. हुंकाराला कान नसतात." हे वाचून खिसेबाईंनी फोन छातीशी धरला होता. ते वाक्य त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन वाफेवालीला वाचून दाखवलं.

"बघ गं, जशी काही माझ्याच घरात राहते!"

वाफेवाली म्हणजे वाफेच्या इस्त्रीवर काम करणारी. ती चार वर्षांपूर्वी लांबून आली होती, रंगानं काळीभोर, खिसेबाईंहून पंधराएक वर्षांनी लहान. भाषा पटापट शिकली होती आणि त्यात आधी शिकली होती टोमणे. दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. नोकरी होती म्हणून ती खोली होती.

"तुमच्या घरात राहत असती तर तिला लिहायला वेळ कुठला मिळाला असता, ताई?" ती म्हणाली आणि पेडल दाबलं. दोघी वाफेत दिसेनाशा झाल्या.

ह्या सगळ्यात तो कोट आला.

आणला अध्यक्षबाईंनी. त्या बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या अध्यक्ष. गावात त्यांचं नाव होतं आणि ते त्यांनी कमावलेलं होतं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या कितीतरी बायका त्यांनी उभ्या केल्या होत्या. कोट राखाडी, लोकरी, डाव्या बाहीला शाईचा डाग. दुसऱ्या दिवशी सभा होती, घाई होती. खिसेबाई पावती लिहीत होत्या तेवढ्यात वाफेवाली मागून आली आणि तयार गठ्ठा उचलायला वाकली. अध्यक्षबाईंनी कोट स्वतःकडे ओढला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "हिच्या हातात नका हं देऊ. तुम्ही स्वतः करा. एक डाग काढायला आणलाय, दुसरा पडायचा." आणि हसल्या, आपल्याच माणसाशी हसावं तशा.

वाफेवाली गठ्ठा घेऊन आत गेली. कोट शेवटी तिनंच इस्त्री केला. दुसरं होतं कोण?

त्या संध्याकाळी घरी आल्यावर खिसेबाईंनी ही हकिगत सांगितली. मुलगी टेबलाशी जेवत होती, नवरा खुर्चीत होता. "हं," नवरा म्हणाला. दुसरा प्रकार. खिसेबाईंनी हकिगत थोडी वरच्या पट्टीत घेतली. कोट नुसता नाही, पांढराशुभ्र होता म्हणाल्या. नवऱ्याची मान वर आली. ती मान वर आलेली बघून खिसेबाईंना हुरूप आला.

"आणि मग? तू काय म्हणालीस?" नवऱ्यानं विचारलं. कित्येक महिन्यांत पहिला प्रश्न.

"मी सोडते होय! म्हटलं, बाई, कपड्यावरचे डाग आम्ही काढतो, मनावरचे तुमचे तुम्ही काढा."

"आई!" मुलगी ओरडली. "खरंच बोललीस?"

"मग काय!" खिसेबाई म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या.

हकिगत इथं संपायला हवी होती. पण चौथ्या दिवशी 'खुली चर्चा'वर 'कामकरी'नं एक मोठं टिपण टाकलं. मथळा होता, 'बाईचा हक्क कुठल्या रंगापर्यंत?' त्यात ती स्वतःबद्दल सांगत होती: मी काळी आहे, बाहेरून आलेली आहे, लाँड्रीत इस्त्री करते. बायकांच्या हक्कांवर भाषणं देणारी एक बाई आपला पांढरा कोट घेऊन आली आणि माझा हात लागू देईना. मग काउंटरवरची माझी मैत्रीण ताडकन म्हणाली, कपड्यावरचे डाग आम्ही काढतो, मनावरचे तुमचे तुम्ही काढा.

गटात वणवा पेटला. एक बाजू म्हणे, हाच तुमचा स्त्रीवाद, गोऱ्या बायकांपुरता. दुसरी म्हणे, एका बाईच्या चुकीवरून चळवळ झोडपायची हा डाव जुना आहे. कोणी विचारलं, खोटं नाव घेऊन खऱ्या बाईवर आरोप करायचा ही कसली खुली चर्चा? आणि 'नुसतं विचारतोय'नं शांतपणे लिहिलं, "पांढरी लोकर अशा दुकानांत वाफेवर घेतच नाहीत, मोठ्या कारखान्यात पाठवतात. मग तो कोट ह्या बाईच्या हाती जाणार कसा होता? नुसतं विचारतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षबाईंचा मालकीणबाईंना फोन आला. काय बोलणं झालं ते कळलं नाही. मालकीणबाई फोन ठेवून बाहेर आल्या तेव्हा त्यांची मान लाल झाली होती.

"एकटीनं दुकान उभं केलं मी," त्या दोघींकडे बघून म्हणाल्या. "बँकेपासून पाण्याच्या जोडणीपर्यंत जो तो विचारायचा, मालक कुठे आहेत? आणि आता बायकांच्याच संस्थेकडून ऐकून घ्यायचं, माझ्या दुकानात गिऱ्हाइकांची बदनामी होते म्हणून? दहा संस्थांचे गणवेश येतात त्यांच्या शब्दावर!" मग वाफेवालीकडे वळल्या. "लिहिलंस कशाला? मला सांगायचंस."

"मी नाही लिहिलं."

"काळी तू, बाहेरून आलेली तू, इस्त्री करणारी तू. मग कोणी, यंत्रानं लिहिलं? शनिवारपर्यंत कबूल कर, अध्यक्षबाईंची माफी माग. नाहीतर खोलीची किल्ली टेबलावर ठेव."

वाफेवाली आत गेली. खिसेबाई तिच्यामागून गेल्या, पण खरं सांगायचं तर धीर द्यायला नाही. त्यांच्या मनातही तोच संशय होता, आणि वर थोडी चीडसुद्धा. 'कामकरी'ची वाक्यं ह्या पोरीला आपण वाचून दाखवली आणि ही गप्प ऐकत बसली?

"लिहिलं असशील तर मला सांग," त्या म्हणाल्या. "मी कुठं बोलणार नाही."

"काय लिहिलंय ते तरी वाचा. माझ्या नावावर खपवताय, मला ऐकू तर द्या."

खिसेबाईंनी फोन काढून वाचायला सुरुवात केली. 'पांढरा कोट' आलं तशी वाफेवालीनं हात वर केला.

"पांढरा कुठला? राखाडी होता. पांढरी लोकर आपण इथं घेतो का कधी? मी लिहिलं असतं तर एवढी चूक केली असती?"

खिसेबाई वाचायच्या थांबल्या.

"पुढं वाचा."

पुढं वाचावं लागलं. काउंटरवरची मैत्रीण, ताडकन, मनावरचे डाग. वाफेवाली ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळंच कुतूहल येत होतं.

"हे कधी बोललात तुम्ही?"

खिसेबाईंनी फोन बंद केला.

"मी दाराच्या आड उभी होते, ताई. मला वाटलं, तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणालात, 'गुरुवारी संध्याकाळी मिळेल', आणि पावती फाडलीत."

पावतीपुस्तकात 'राखाडी' होतं. पांढरा कोट जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण म्हणजे खिसेबाईंचं जेवणाचं टेबल. तिथं बसलेली माणसं तीन. त्यातली एक त्या स्वतः.

घरी जाताना सगळा संशय मुलीवर होता. दुसरं कोण? तीच फलक घेऊन मोर्चात जाते, तीच जेवताना भाषणं देते. दारातून आत शिरतानाच त्यांनी विचारलं, "कामकरी तू आहेस?"

मुलगी केस विंचरत होती. "मी? आई, मी त्या गटात स्वतःच्या नावानं भांडते, फोटोसकट. लोक मला घरी येऊन मारतील म्हणतात, तरी. मी कशाला दुसऱ्या कोणाची कातडी पांघरू?" मग फणी हातातच धरून म्हणाली, "थांब. ते कोटाचं? मला वाटलं तू सांगितलंस कोणाला तरी. म्हटलं, बायकांच्या गोष्टी फिरतात."

फिरतात खऱ्या. पण ही गोष्ट फिरली नव्हती. ती दोन खुर्च्यांपलीकडे गेली नव्हती.

खिसेबाईंनी नवऱ्याचा फोन उचलला नाही. खिसे उपसायचे ते गिऱ्हाइकासमोर, ही सवय त्या वेळी उपयोगी पडली. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय सांगून त्या दुपारीच घरी आल्या. नवरा गॅलरीत होता. त्यांनी खुर्चीसमोर स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि पावती वाचतात त्या सुरात सुरू केलं.

"कोट, एक. पांढरा. लोकरी. बरोबर?"

"हं," नवरा म्हणाला.

"डाव्या बाहीला डाग."

"हं."

"रंगाबद्दल काही हरकत?"

"नाही, पांढराच म्हणाली होतीस ना तू," नवरा म्हणाला, आणि मग त्यांचा हात कपाशी थांबला.

खालून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"किती दिवस?" खिसेबाईंनी विचारलं.

"दोन वर्षं. अगं, पण मी वाईट काही—"

"बाई म्हणून?"

"पुरुष म्हणून लिहिलं होतं आधी. सगळ्या तुटून पडल्या, तुला काय कळतं म्हणाल्या. मग तुझं जसं ऐकतो तसं लिहून बघितलं. एकदम माणसं शांत बसून वाचायला लागली." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "दोनशे जणांनी वाहवा केली त्या हुंकाराच्या वाक्याला."

"ते गाऱ्हाणं माझं आहे."

"तुझंच! सगळं तुझंच आहे. मी एक शब्द वाया जाऊ दिला नाही बघ."

खिसेबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे हा माणूस ऐकत होता. प्रत्येक 'हं'मागे कान होते. बावीस वर्षं त्या भिंतीशी बोलत होत्या असं समजत होत्या, आणि भिंतीनं सगळं टिपून घेऊन तीनशे लोकांत वाटलं होतं. राग यायला हवा होता तो आलाच, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. त्याची त्यांना लाज वाटली.

"मला एक वाक्य उत्तर द्यायला काय झालं होतं?"

"तुला काय सांगायचं? तुला माहीतच असतं सगळं."

"आणि तिची कातडी? तीसुद्धा मी दिली होती?"

नवरा म्हणाला, "तिच्या बाजूनं लिहिलं मी. त्या 'नुसतं विचारतोय'ला कोणीतरी गप्प करायला नको? तुमच्यापैकी कोण करतं?"

"तिची खोली जातेय शनिवारी."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"गटावर लिहा. स्वतःच्या नावानं," खिसेबाई म्हणाल्या. "मी पुरुष आहे, लाँड्रीत काम करत नाही, ती बाई मी नाही आणि तिनं हे लिहिलेलं नाही. कोट राखाडी होता. आणि काउंटरवरची कोणी काही बोलली नव्हती."

"बोलली नव्हतीस?"

"नाही."

त्यांनी बायकोकडे बघितलं. खिसेबाईंना ती नजर ओळखीची वाटली. रोज आरशात दिसायची तसली.

"असं लिहिलं तर तो नाचेल," नवरा म्हणाला. "एका रंगावरून सगळं खोटं ठरवेल. खऱ्या बायकांनी उद्या काही सांगितलं की विचारेल, ही पण मीटरवाला नाही कशावरून? नुकसान आपल्याच बाजूचं होईल."

त्यात चूक काही नव्हतं. खिसेबाईंनाही ते दिसत होतं.

"नाचू दे," त्या म्हणाल्या. "आपल्या बाजूला ती बसलीय की नाही ते आधी ठरवा."

नवरा उठला. दोन वर्षं ज्या कपबशीच्या सोबतीनं लेख लिहिले ती उचलून त्यांनी आत नेली आणि न विसळता मोरीत ठेवली.

शनिवारी दुकान उघडायच्या वेळी खिसेबाई पावतीपुस्तक काखेत घेऊन मालकीणबाईंच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. वाफेवालीला बोलावून घेतलं. किल्ली तिच्या मुठीत होती. खिसेबाईंनी स्थळप्रत काढून ठेवली आणि सगळं सांगितलं, गॅलरीतल्या खुर्चीसकट. 'मी काही बोलले नव्हते' हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा ते कोणाला ऐकू गेलं नाही.

मालकीणबाईंनी स्थळप्रत वाचली. "म्हणजे दुकानातलं घरी सांगत होतात तुम्ही."

"हो."

"कधीपासून?"

"रोज."

"बावीस वर्षं मी समजत होते, पाकिटाचं तोंड चिकटवणारी बाई आहे." त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. "काउंटरवर आता मी बसेन. तुम्ही आत बसा, खिसे आणि नंबर तेवढे बघा. गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही." मग वाफेवालीला म्हणाल्या, "तू जा कामाला." तिला संशयाबद्दल मात्र एक शब्द नाही.

वाफेवालीनं किल्ली खिशात टाकली. आत गेल्यावर खिसेबाई तिच्याजवळ उभ्या राहिल्या. आभार मानेल असं वाटलं नव्हतं त्यांना, पण काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं.

"एक विचारू?" ती शेवटी म्हणाली. "राखाडी कोटानं भागलं नसतं का? माझ्याबाबतीत जे झालं ते जसं झालं तसं सांगितलं असतं, तर कमी पडलं असतं?"

"नवरा ऐकत नव्हता गं," खिसेबाई म्हणाल्या. तोंडातून निघालं तेव्हा त्यांना ते कसंसंच वाटलं.

"हो. आणि अध्यक्षबाईंसमोर तुम्ही गप्प बसलात ते जाऊ दे, मी पण बसले. पण घरी जाऊन बोलल्याचं सांगितलंत. तेवढ्यानं माझी गोष्ट तुमची झाली."

नवऱ्यानं त्याच संध्याकाळी लिहिलं, नावानिशी, सांगितलं तसं. पुढचे तीन दिवस गटाकडे बघवत नव्हतं. बायका संतापल्या: दोन वर्षं आमच्यात बसून आमचंच ऐकत होता आणि आम्हालाच शिकवत होता. काहींनी बाजू घेतली: म्हणणं खरं असेल तर म्हणणारा कोण ह्यानं काय फरक पडतो? मुलीनं बापाविरुद्ध स्वतःच्या नावानं, फोटोसकट लिहिलं आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलाशी बसली नाही. 'नुसतं विचारतोय'नं नाचून घेतलं. मग अध्यक्षबाई स्वतः आल्या आणि एवढंच लिहिलं: "माझ्याकडे पांढरा कोट नाही, हे आता सिद्ध झालं." त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. कोट पांढरा नव्हता. ज्याअर्थी पांढरा नव्हता त्याअर्थी काही घडलंच नव्हतं. राखाडी कोटाबद्दल कोणी विचारलं नाही, नुसतं विचारणाऱ्यानंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी मास्तरांनी खुली चर्चा महिन्यासाठी बंद ठेवली.

खिसेबाईंच्या डोक्यात मात्र एक गोष्ट राहून गेली. 'नुसतं विचारतोय'नं लिहिलं होतं तसं पांढरी लोकर बाहेर कारखान्यात जाते, हे धंद्याबाहेरच्या माणसाला माहीत असायचं कारण नाही. गावात अशी दुकानं दोन. दुसरं बंद होऊन वर्ष झालेलं. वाफेवाली नाही, त्या स्वतः नाहीत. उरलं कोण, हे त्या मनातसुद्धा पुरतं म्हणत नसत. पण काउंटरवर बसलेल्या मालकीणबाई अलीकडे फोन पालथा ठेवतात, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पालथा तर सगळेच ठेवतात, असंही त्या स्वतःला सांगत.

आता त्या आणि वाफेवाली एकाच खोलीत काम करतात. वाफेवाली बोलते, नाही असं नाही. पण स्वतःचं काही सांगत नाही. आणि कपडा हातात घेताना दर वेळी विचारते, "रंग?"

"निळा," खिसेबाई म्हणतात.

वाफेवाली कपडा उजेडात धरून बघते. "निळा," ती मान्य करते.

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी मालकीणबाईंनी स्वतःचाच कोट आत टाकला आणि बँकेत गेल्या. खिसेबाईंचा हात सवयीनं आतल्या खिशात गेला आणि फोन बाहेर आला. मालकीणबाईंचा. हातात असतानाच तो थरथरला. पडद्यावर उजेड पडला होता. खाली बघायचं, एवढंच होतं.

वाफेवालीनं पेडलवरचा पाय काढला. वाफ विरली. ती फोनकडे बघत नव्हती, खिसेबाईंकडे बघत होती.

खिसेबाईंनी मान वर धरली. फोन न बघता पाकिटात सरकवला, तोंड चिकटवलं, नंबर टाकला आणि मोठ्यानं वाचलं, "कोट, एक. काळा. आतल्या खिशात फोन, एक."

पाकीट टेबलावर होतं तिथं पुन्हा थरथरलं आणि थोडं सरकलं.

"आता घरी काय सांगाल?" वाफेवालीनं विचारलं.

"कोटात फोन होता, सांगेन. वाजला."

"किती वेळा?"

"एकदा."

"दोनदा वाजला, ताई."

"दोनदा," खिसेबाई म्हणाल्या. वाफेवालीनं पेडल दाबलं.